वरची आच

हिवाळा आमच्या घरात सगळ्यांत आधी पायमोज्यांत शिरतो. जूनमधल्या एखाद्या सकाळी लाकडी जमिनीवर पाय टेकवावा आणि चटकन वर उचलून घ्यावा, की समजायचं, आला. ऑकलंडचा हिवाळा तसा रडवा. बर्फबिर्फ काही नाही, दिवसातून पाच वेळा येतो, रडतो आणि ऊन दाखवून पुन्हा जातो. खिडक्यांच्या काचा आतून ओल्या होतात, टॉवेल वाळत नाहीत, शेजारच्या झाडाची लिंबं कुंपणावरून आमच्या बाजूला लोंबू लागतात. ऑफिसच्या पॅन्ट्रीत कुणीतरी घरची मँडरिन संत्री पिशवी भरून ठेवून जातं. आणि मला टोस्टचा वास यायला लागतो. कुठेही येतो. लिफ्टमध्ये येतो, पार्किंगमध्ये येतो, पावसाच्या पाण्याच्या पायपांचे नकाशे तपासत बसलेली असते तेव्हाही येतो. पाव भाजल्याचा, चीज करपल्याचा, कांद्याचा.

ह्या वर्षीही आला. आला त्याच दिवशी शेजारच्या टेबलावरच्या बाईनं विचारलं, "वैशाली, तू हेन्डरसनला होतीस ना पूर्वी? चांगला माउसट्रॅप कुठे मिळतो गं हल्ली?"

ज्यांनी खाल्लेला नाही त्यांच्यासाठी सांगते. माउसट्रॅप म्हणजे इथल्या लोकांचं उघडं सँडविच. पावाचा एकच स्लाइस, त्याला लोणी, लोण्यावर मार्माइटचा अगदी पातळ हात, बारीक चिरलेला कांदा, वर किसलेल्या चीजचा ढीग. मार्माइट म्हणजे काळं, खारट, चिकट असं काहीतरी. बाबांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाले होते, "हे तर ग्रीस!" हे सगळं ग्रिलखाली ठेवायचं. ग्रिलच्या तारा वरून लाल होतात, चीज फुगतं, बुडबुडे येतात, कडा करपतात. करपायच्या एक क्षण आधी बाहेर काढायचं. सगळी कला त्या एका क्षणात आहे आणि ती हल्ली कुणाला येत नाही असं माझं ठाम मत आहे.

मी त्या बाईला पाच मिनिटं भाषण दिलं. डेअरीतल्या, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानातल्या, काचेच्या गरम पेटीत मिळतो तो खाऊ नये, तो सकाळपासून तिथे घाम गाळत बसलेला असतो. आमच्या अल्बनीच्या मॉलमधल्या कॅफेत मिळतो तो आंबट पावावर असतो, त्याच्यावर पालेभाजी ठेवतात आणि लाकडी फळीवर आणून देतात. अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात काय वाटेल ते मिळेल, कोथिंबिरीच्या जुड्या, टारोचे कंद, गरम डोनट, पण हा नाही मिळत. शाळेच्या जत्रेत एखादी आजी करते तो बरा असतो, पण जत्रा काही रोज नसते.

"म्हणजे कुठे?" तिनं विचारलं.

मी पायपांकडे वळले.

उत्तर होतं. तीन हिवाळ्यांपूर्वी होतं. हेन्डरसनच्या स्टेशनमागच्या गल्लीत एक टीरूम होती. आत सहा टेबलं, प्रत्येक टेबलावर साखरेची बाटली, भिंतीवर पाच मिनिटं पुढे असलेलं घड्याळ. आत शिरलं की चष्म्यावर वाफ धरायची आणि क्षणभर काहीच दिसायचं नाही, फक्त वास यायचा. ती टीरूम बेव्ह चालवायची. बेव्ह सत्तरीची, आई माओरी, वडील गोरे, केस आखूड, आवाज खणखणीत. ती कुणालाही "लव्ह" म्हणायची, पोस्टमनलासुद्धा.

त्या हिवाळ्यात बाबा आमच्याकडे आले होते. आई जाऊन दोन वर्षं झाली होती.

आई गेली त्या वर्षी सगळ्या जगाची दारं लागलेली होती. ह्या देशाचं तर फारच घट्ट. बाहेर पडलं तर परत कधी येता येईल ह्याचा नेम नव्हता, सई लहान होती, आणि मी गेले नाही. जाऊ शकले नाही, असं मी लोकांना सांगते. स्वतःशी मात्र "गेले नाही" असंच म्हणते. अवोन्डेलच्या आमच्या तेव्हाच्या घरात स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून मी फोनवर बाबांना एकच गोष्ट विचारली होती, शेवटी आईजवळ कोण होतं. बाबा म्हणाले, "मी होतो. हातात हात होता." त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं काढली. त्याच वाक्यानं मला दोन वर्षं पोखरलंही. बाबा होते. मी नव्हते.

बाबा आले ते एक सुटकेस आणि एक स्क्रूड्रायव्हरचा संच घेऊन. आयुष्यभर पुण्यात एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी हात स्वस्थ बसत नाहीत. विमानतळावर त्यांनी मला जवळ घेतलं, सईच्या डोक्यावर हात ठेवला, जावयाला "जयभीम" म्हणाले आणि बाहेर पडल्यावर आभाळाकडे बघत म्हणाले, "फार स्वच्छ आहे." त्यानंतर ते हवेबद्दल बोलले, ट्रेनबद्दल बोलले, इथल्या बसचं इंजिन कुठे असतं ह्याबद्दल बोलले. आईबद्दल अवाक्षर नाही. दिवस गेले, आठवडे गेले. मीही तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. मनात एकच घोळत होतं, बाबांनी मला माफ केलंय का? आणि विचारायची छाती होत नव्हती, कारण ते "नाही" म्हणाले असते तर मी कुठे गेले असते?

बोलत नव्हते, पण झाकत होते. चहाच्या कपावर बशी. दुधावर ताटली. सईच्या सकाळच्या सीरियलच्या वाटीवर ती चमचा आणायला वळली तेवढ्यात झाकण. फळांच्या टोपलीवर पंचा. ही आईची सवय. आमच्या कॉलनीच्या मागेच वर्कशॉप, दिवसभर काळा धुरळा उडायचा, त्यामुळे आईच्या राज्यात उघडं अन्न हा गुन्हा होता. शाळेतून उशिरा आलं की ओट्यावर एकावर एक उपड्या ताटल्या असायच्या, आणि कुठल्या ताटलीखाली आपलं आहे ते वासावरून ओळखायचं. आई होती तेव्हा बाबा ह्या झाकाझाकीवर हसायचे. आता स्वतः करत होते.

"बाबा, इथे माशा नाहीत," मी एकदा जरा तोडूनच म्हटलं.

"असू दे," ते म्हणाले आणि वरणावर ताटली ठेवली.

सई तेव्हा नऊ वर्षांची. तिला ही मोठीच गंमत वाटायची. ती आजोबांच्या चष्म्यावर बशी ठेवायची. "आजोबा, युअर ग्लासेस आर सेफ नाऊ," म्हणायची. आजोबांना मराठीतून विचारलेलं तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. आजोबांना इंग्रजी कळायचं, उत्तर मराठीत. दोघांचं छान चाललं होतं.

तेव्हा माझं ऑफिस हेन्डरसनला होतं आणि बुधवारी मला अर्धा दिवस असे. बाबा अवोन्डेलहून ट्रेनने हेन्डरसनला यायचे, मी ऑफिसातून स्टेशनवर जायचे. पहिल्या बुधवारी आम्ही त्या टीरूममध्ये शिरलो ते निव्वळ पावसानं गाठलं म्हणून. बाबांनी दारातच हात जोडून "जयभीम" म्हटलं. काउंटरमागून बेव्ह म्हणाली, "किया ओरा, मातुआ." वडीलधाऱ्या माणसाला इथे मातुआ म्हणतात. कुणी कुणाला काही समजावून सांगितलं नाही. पुढे दर बुधवारी हेच.

मी दोन माउसट्रॅप मागवले. बाबांनी नावाचा अर्थ विचारला, मी उंदराचा सापळा म्हणून सांगितलं, त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं. बशी समोर आली, एका माणसाला दोन स्लाइस, चीज अजून फसफसत होतं. बाबांनी एक क्षण ते उघडं पाहिलं. मग शांतपणे एक स्लाइस उचलला, दुसऱ्यावर उपडा घातला आणि तळहातानं दाबला.

"ओ नो, लव्ह!" बेव्ह काउंटरमागून ओरडली. "मारून टाकलंस त्याला!"

ती जवळ आली आणि तिनं सविस्तर समजावलं. झाकलं की वाफ आत कोंडते, चीज घामेजतं, पाव मऊ पडतो, मग ग्रिलखाली ठेवलंच कशाला? मी भाषांतर केलं. बाबांनी मान डोलावली आणि मिटलेलं सँडविच तसंच खाल्लं. पुढल्या बुधवारीही मिटलं. त्याच्या पुढल्याही. बाबा स्लाइस उचलायला लागले की बेव्ह दोन्ही हातांनी डोळे झाकून घ्यायची.

बाबांचं खरं लक्ष ग्रिलवर होतं. भिंतीत बसवलेलं जुनं धूड, हँडल खिळखिळं झालेलं. तिसऱ्या बुधवारी त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. मला लाज वाटली. बेव्हला नाही वाटली, तिनं काउंटरची फळी वर उचलून त्यांना आत घेतलं. बाबांनी दहा मिनिटांत बिजागरी बसवली, हात पुसले आणि त्या लाल तारांखाली तळहात धरून उभे राहिले. किती तरी वेळ.

"वैशू, आपली आच खालून," ते परत येऊन म्हणाले. "चूल घे, स्टोव्ह घे, गॅस घे. भांडं वर, आग खाली. ह्यांची वरून आहे." एवढं लांबलचक ते आल्यापासून प्रथमच बोलले होते. मी "हो बाबा" म्हटलं आणि पुढे काही तरी येईल म्हणून वाट पाहिली. पुढे काही आलं नाही. त्यांनी बाहेर बघितलं, पाऊस आला होता.

तो सबंध हिवाळा मला आता असाच आठवतो, वाफेतून दिसावा तसा. ओल्या लोकरीचा वास. ट्रेनच्या काचेवर सईनं बोटानं काढलेलं मांजर. बाबांचा मफलर, जो आईनं विणला होता आणि ज्याबद्दल आम्ही बोलत नव्हतो. मागच्या अंगणात फेजोआच्या झाडाखाली राहून गेलेली शेवटची चार फळं, आतून तपकिरी झालेली. दुपारी चारचं पिवळं ऊन ओट्यावर यायचं आणि बाबांनी झाकलेल्या सगळ्या ताटल्या चकाकायच्या. मी त्यांच्याकडे बघत उभी राहायचे. आतल्या आत कुढत राहायची ही माझी जुनीच खोड आहे, आई त्यावरून मला बोलायची.

मग मातारिकीचा आठवडा आला. ऐन हिवाळ्यात पहाटेच्या आभाळात चांदण्यांचा एक पुंजका पुन्हा दिसू लागतो, तेव्हा इथलं नवं वर्ष. आपण त्याला कृत्तिका म्हणतो. मला त्याची सुट्टी तेवढी माहीत होती. त्या बुधवारी पाऊस नव्हता, गिऱ्हाईकही नव्हतं. बेव्ह आमच्या बशा ठेवून गेली नाही, खुर्ची ओढून बसली.

तिचा भाऊ त्या वर्षी गेला होता. ती सांगू लागली. चांदण्या दिसल्या की गेलेल्यांची नावं मोठ्यानं घ्यायची. त्यांच्यातली एक चांदणी गेलेल्या माणसांची असते. आणि अन्न शिजवायचं, आणि त्यावरचं झाकण काढायचं, म्हणजे वाफ वर जाते, तिथपर्यंत. "म्हणून झाकण काढायचं, बघ," ती बाबांच्या बशीकडे हात करून म्हणाली. बाबांनी स्लाइस नुकताच उपडा घातला होता. मग तिनं मला म्हटलं, "मातुआंना विचार ना, त्यांना कुणाचं नाव घ्यायचंय का?"

दोन महिने जे मला विचारवत नव्हतं ते आता एका परक्या बाईच्या वतीनं विचारायचं होतं. मी चमच्याशी खेळले. बेव्ह वाट बघत होती. बाबाही बघत होते, त्यांना कळलंही असावं.

"बाबा, ती विचारतेय, तुमचं कुणी गेलंय का? नाव घ्यायचं असतं म्हणते."

बाबांनी वरचा स्लाइस उचलला. चीजच्या तारा ताणल्या गेल्या, तुटल्या. आतून वाफ निघाली आणि सरळ वर गेली. बाबा तिच्याकडे बघत राहिले.

"शांता," ते म्हणाले.

त्या दोघांच्या चाळीस वर्षांच्या संसारात मी बाबांच्या तोंडून आईचं नाव ऐकलं नव्हतं. "अगं" होतं, "ऐकलंस का" होतं, लोकांसमोर "वैशूची आई" होतं. त्यांच्या पिढीत बायकोचं नाव घेत नसत. बेव्हनं ते नाव तिच्या उच्चारात म्हटलं, "शान्टा", आणि ती उठून आत गेली.

"वैशू," बाबा म्हणाले. "मी नव्हतो."

मला कळलं नाही.

"तिच्याजवळ. मी नव्हतो. आत कुणालाच सोडत नव्हते. मी रोज डबा घेऊन जायचो, गेटवर द्यायचो, वॉर्डातल्या मावशी आत न्यायच्या. संध्याकाळी रिकामा डबा गेटवर मिळायचा. खाल्लं म्हणजे बरी आहे, असं समजायचो. एक दिवस डबा भरलेला आला. कडीसुद्धा काढलेली नव्हती. मग समजलं." त्यांनी बशीच्या कडेला बोट फिरवलं. "तू फोनवर विचारलंस, जवळ कोण होतं. तू इतक्या लांब, एकटी रडत होतीस. तुला काय सांगू? म्हटलं, मी होतो. तुला बरं वाटावं म्हणून म्हटलं. मग ते तोंडून निघालेलं परत घेता येईना. तुझ्यासमोर तिचं नाव काढायची हिंमतच होईना. तू रागावशील वाटलं."

मी रागावेन! दोन महिने आम्ही दोघं एकाच घरात एकमेकांच्या रागाला भिऊन वावरत होतो. मी बसल्या जागी रडायला लागले, नाकडोळे एक करून, भर दुपारी, त्या साखरेच्या बाटलीसमोर. बाबांनी खिशातून रुमाल काढून दिला आणि स्वतः मफलरच्या टोकानं डोळे टिपले. "तूही गेटबाहेर, मीही गेटबाहेर," ते म्हणाले. "तुझं गेट जरा लांब होतं, एवढंच."

बेव्हनं न मागता चहाची किटली आणून ठेवली. किटलीला लोकरीचं टोपडं होतं. "चहा झाकायचा," तिनं बाबांना दटावलं, "टोस्ट नाही." बाबा हसले. त्या दिवशी त्यांनी दोन्ही स्लाइस उघडे खाल्ले, कडेचा करपलेला भागसुद्धा.

परत येताना ट्रेनमध्ये मी विचारलं, वाफ खरंच वर जाते असं वाटतं का तुम्हाला? "जाते की," ते म्हणाले. "वाफ वरच जाते. त्यापुढचं मला माहीत नाही."

सप्टेंबरात, रस्त्याकडेची कोफायची झाडं फुलांनी पिवळी झाली तेव्हा बाबा परत गेले. राहा म्हटलं, पण कॉलनी सोडवत नाही म्हणाले. पुढल्या वर्षी बेव्हनं टीरूम बंद केली आणि ती उत्तरेला बहिणीकडे राहायला गेली. आम्हीही अवोन्डेल सोडून अल्बनीला आलो. इथलं घर नवं आहे, भिंतींतून वारा येत नाही, तरी जमीन गार ती गारच.

ऑफिसातल्या बाईचा प्रश्न मात्र आठवडाभर डोक्यातून जाईना. शनिवारी मी सरळ गाडी काढली आणि हेन्डरसन गाठलं. कुठेतरी मिळत असेलच की, असं स्वतःला बजावत होते. स्टेशनमागच्या गल्लीत टीरूमच्या जागी मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आत एक माणूस फोन उघडून छोट्या स्क्रूड्रायव्हरनं काहीतरी करत बसला होता. मी काचेला नाक लावून बघत राहिले, त्यानं हात केला, मी ओशाळून निघाले. दोन बेकऱ्या पालथ्या घातल्या. एकीत नुसते खिमा भरलेले मीट-पाय होते, दुसरीत "मंडेज ओन्ली, डार्ल" असं उत्तर मिळालं. पाऊस आला, गेला, आला. परतीच्या वाटेवर गर्दी लागली आणि घरी पोचायला दुपारचे चार वाजले. पोटात कावळे ओरडत होते आणि मला फार एकटं वाटत होतं, उगीच.

दार उघडलं तर तो वास. मला वाटलं, पुन्हा भास.

ओट्यावर किसणी पडली होती, कांद्याची सालं पडली होती, मार्माइटची बाटली उघडी. सई बारा वर्षांची झाली आहे आणि स्वयंपाकघर कसं सोडू नये ह्याचा नमुना आहे. पुण्याला व्हिडिओ कॉल लावून तिनं आजोबांना विचारत विचारत केलं होतं. ग्रिलची खरी जाण आजोबांनाच आहे, असं तिचं मत.

"वी मेड हीप्स," ती सोफ्यावरून म्हणाली. "युअर्स इज ओव्हर देअर."

ओट्याच्या कोपऱ्यात, चार वाजताच्या उन्हात, एक बशी होती. तिच्यावर दुसरी बशी उपडी.

"अगं, झाकलंस कशाला? मऊ पडतं ना ते. बेव्ह काय म्हणायची?"

सईनं फोनमधून मान वर केली नाही. "आजोबांचा रूल आहे," ती म्हणाली, तेवढं चक्क मराठीत, मग पुन्हा तिच्या भाषेत. जे गेले त्यांच्यासाठी उघडं ठेवायचं, वाफ जायला. जे यायचेत त्यांचं झाकून ठेवायचं. "अँड यू वर कमिंग होम, सो."

मी वरची बशी उचलली. वाफ केव्हाच गेली होती. चीज घामेजलं होतं, पाव पार मऊ पडला होता, कांद्याचं पाणी सुटलं होतं. हातात धरला तर मधोमध वाकला. बेव्हनं डोळे झाकून घेतले असते.

मी ओट्याला टेकून, उभ्यानं, कोट न काढता तो सगळा खाल्ला.